किती कोटी आले, की बोलीला किती जण आले?

स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोबाइल सेवेला लागणाऱ्या रेडिओलहरींचा, लिलाव झाला की मायदेशातल्या वाहिन्यांवर एकच आकडा फिरतो: सरकारला किती कोटी मिळाले. जास्त मिळाले तर कारभार स्वच्छ, कमी मिळाले तर घोटाळा. ही मोजपट्टी लिलावाशिवाय परवाने वाटल्याच्या टूजी प्रकरणाने आपल्या हाती दिली. २०१० मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने १.७६ लाख कोटींच्या संभाव्य तोट्याचा अंदाज मांडला, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, आणि लिलाव म्हणजेच प्रामाणिकपणा, असं समीकरण पक्कं होऊन बसलं.

इंग्लंडमध्ये राहून हा वाद ऐकताना मला ऑक्सफर्डचे लिलावतज्ज्ञ पॉल क्लेम्परर आठवतात. मूळचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, नंतर स्टॅनफर्डहून अर्थशास्त्रात पीएच.डी. त्यांच्या कामात इंजिनिअरची खोड दिसते. सूत्र किती देखणं आहे यापेक्षा यंत्र कुठे अडकेल, याची त्यांना जास्त काळजी.

२००० साली ब्रिटनच्या थ्रीजी लिलावाची आखणी त्यांनी अर्थतज्ज्ञ केन बिनमोर यांच्यासोबत केली. बाजारात आधीपासून चार कंपन्या होत्या. परवानेही चारच निघाले असते, तर नवखा कशाला येईल? परवाने पाच करता आले, आणि त्यातला सर्वांत मोठा नव्या कंपनीसाठी राखला गेला. तेरा जण बोलीला आले आणि १५० फेऱ्यांनंतर साडेबावीस अब्ज पौंड जमले.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात नेदरलँड्सनेही लिलाव केला. तिथे जुन्या कंपन्या पाच, परवाने पाच. जुन्यांशी टक्कर द्यायला जी एक नवी कंपनी शेवटपर्यंत उरली होती, तिला एका स्पर्धकाने कोर्टाची धमकी देणारं पत्र पाठवलं. ती बाहेर पडली आणि खेळ तिथेच आटोपला. माणशी हिशेब केला तर ब्रिटनला सुमारे ६५० युरो मिळाले, डचांना १७०. स्वित्झर्लंडमध्ये तर चार परवान्यांना चारच गिऱ्हाइकं उरली, पदरी पडले माणशी २० युरो. तिन्ही ठिकाणी लिलावच झाला होता! क्लेम्परर तेव्हापासून हेच सांगत आले आहेत: नवा माणूस आत येऊ शकतो का, आणि जुने आपसात संगनमत करू शकतात का, एवढं आधी पाहा. बाकीची हुशारी नंतर.

इथे ब्रिटनमध्येही सगळं गोडगोड नव्हतं. एवढा पैसा ओतून कंपन्या बुडाल्या, आता ग्राहकाच्या खिशाला कात्री लागणार, अशी ओरड वर्षानुवर्षं चालली. एकदा भरलेला पैसा पुढचे दर ठरवत नाही, हे क्लेम्परर यांचं उत्तर. मला ते तर्काने पटतं. पण कर्जाने वाकलेली कंपनी मनोरे उभारायला हात आखडता घेते, ही शंका काही जात नाही.

आता आपल्याकडे पाहा. २०१६ मध्ये ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला एकही बोली आली नाही, कारण राखीव किंमतच, म्हणजे ज्याखाली बोली चालत नाही तो आकडाच, आभाळाला भिडलेला. २०२२ च्या फाइव्हजी लिलावात दीड लाख कोटी आले आणि टाळ्या वाजल्या, पण बहुतेक माल राखीव किमतीलाच गेला. म्हणजे भाव बोलीने ठरला नाही, सरकारने आधी लिहिलेल्या आकड्याने ठरला. दूरसंचार नियामक ट्राय ही किंमत सुचवण्याआधी सल्लामसलतीचा मसुदा सगळ्यांपुढे ठेवते. वाहिन्यांवर चर्चा व्हायला हवी ती तेव्हा, आणि तेव्हाच सगळे गप्प असतात.

आणि हा प्रश्न फक्त रेडिओलहरींचा नाही. लासलगावचा कांदा उघड्या लिलावातच विकला जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलावच बंद ठेवले. त्यांची तक्रार खरी असेलही. पण जिथे बोली लावणारे सगळे एकदमच उठून जाऊ शकतात, तिथे शेतकऱ्याच्या हाती काय उरतं?

उपग्रह सेवेच्या लहरी २०२३ च्या दूरसंचार कायद्याने लिलावाशिवाय देण्याच्या यादीत टाकल्या, त्यावर पुन्हा टूजीची आठवण काढली जाते. मला त्यात आपोआप घोटाळा दिसत नाही. या लहरी अनेक कंपन्या वाटून वापरू शकतात, एकाच्या मालकीची ती गोष्ट नाही. मी विचारेन ते इतकंच: शुल्क कोण ठरवतो, कशाच्या आधारे, आणि उद्या येऊ पाहणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या कंपनीला त्याच अटींवर दार उघडं राहील का?