‘डिप्रेशनच्या गोळ्या आजच फेकून द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

रामबागेपासून सुदामानगरापर्यंत, इंदूरच्या मराठी घरांतल्या फोनवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: डिप्रेशनची गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही. घबराटीची छोटी गोळी मात्र साधी, लागेल तेव्हा घ्यावी. सुरुवातीला त्रास वाढला तर मेंदू बिघडतोय असं समजावं. डॉक्टरांनी गोळी बदलली तर जुनी त्याच दिवशी बंद करावी. आणि खरं तर सगळ्याच आज फेकून द्याव्यात. डॉक्टरांना विचारलं तर ते आणखी वाढवतील.

मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असते. हा मेसेज पुढे धरून लोक मला विचारतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘जन्मभर सुटत नाही.’ एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी तलफ येत नाही. पहिल्यांदाच नैराश्य आलेल्या माणसाला बरं वाटू लागल्यावर साधारण ६ ते ९ महिने गोळी चालू ठेवतात, मग उतरवत आणतात. ज्यांना आजार पुन्हा पुन्हा गाठतो त्यांना ती वर्षानुवर्षं लागते, पण ते आजारामुळे. मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच, की एकदम बंद केल्यावर त्रास होतो: चक्कर, मळमळ, चिडचिड, भलती स्वप्नं, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं. काहींना तो आठवडेच्या आठवडे पुरतो आणि तो मुळीच मनाचा खेळ नसतो. व्हेन्लाफॅक्सिन हे नैराश्याचंच आणखी एक औषध शरीरातून लवकर उतरतं, त्यामुळे त्याचा एखादा डोस चुकला तरी जाणवतं. फ्लुओक्सेटिन आठवडे रेंगाळतं, म्हणून ते सोडताना सहसा कमी त्रास होतो. म्हणजे ‘आजच फेका’ हा सल्लाच तो त्रास घडवतो, आणि मग तोच त्रास व्यसनाचा पुरावा म्हणून पुढे केला जातो.

‘छोटी गोळी साधी.’ इथे मेसेज नेमका उलटा आहे. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम या गोळ्यांची सवय काही आठवड्यांत लागू शकते, आणि रोज बरेच दिवस घेऊन अचानक थांबवल्या तर फिटसुद्धा येऊ शकते. म्हणूनच त्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात. अल्प्राझोलाम तर २०१४पासून शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे: तिच्या विक्रीची नोंद ३ वर्षं जपायची. मी चिठ्ठी मागते तेव्हा काकू रागावतात, ‘नेहमीचीच तर आहे’ म्हणतात. दारूसोबत किंवा कोडीनच्या खोकल्याच्या औषधासोबत ही गोळी श्वास मंद करते. म्हातारपणी रात्री उठताना तोल जातो आणि खुबा मोडतो.

आता एक गोष्ट जी मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा माहीतच नाही. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतं आणि ते भरपूर विकलं जातं. घेणाऱ्याला वाटतं, आपली एकच गोळी आहे. ‘डिप्रेशनची फेका’ वाचून ती थांबवली की क्लोनाझेपामही त्याच दिवशी तुटतं. उलट शेजारच्या मामांनी दिलेली अल्प्राझोलाम वर घेतली की एकाच जातीची दोन औषधं पोटात जातात आणि दिवसभर गुंगी राहते. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत दोन नावं आहेत का, ते आजच्या आज पाहा.

‘सुरुवातीचा त्रास म्हणजे मेंदू बिघडला.’ नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, बेचैनी, कधी वाढलेली घबराट असते. गुण यायला बहुधा २ ते ६ आठवडे लागतात. याच मधल्या काळासाठी काही डॉक्टर छोटी गोळी थोडे दिवस जोडून देतात. तेव्हा दोन गोळ्या दिसल्या म्हणून दचकू नका. दुसरी कधी थांबवायची ते मात्र त्याच भेटीत विचारून घ्या. दोन खुणा वेगळ्या मानायच्या: जीव देण्याचे विचार, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत, आणि झोप न घेताही अफाट उत्साह, अखंड बडबड. या दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

‘बदलली की जुनी त्याच दिवशी बंद.’ या मुद्द्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. कधी खरंच तसं करतात: एस्सिटालोप्रामवरून सर्ट्रालिनवर बरेचदा थेट नेतात. कधी एक उतरवत दुसरी चढवतात. कधी मध्ये मोकळे दिवस सोडावे लागतात. फ्लुओक्सेटिन यकृतातलं, औषधं मोडणारं एक एन्झाइम अडवतं. ते अंगात असताना अमिट्रिप्टिलिन ही नैराश्याची जुनी गोळी घेतली तर तिचं रक्तातलं प्रमाण बरंच चढतं, तोंड सुकतं, लघवी अडते, छाती धडधडते. आणि अमिट्रिप्टिलिन अर्धशिशीसाठीही देतात, म्हणजे चिठ्ठी दुसऱ्याच डॉक्टरांची असते. एमएओ रोधक या नैराश्याच्या जुन्या औषधांच्या गटातलं औषध सुरू करायचं तर फ्लुओक्सेटिन थांबवून किमान ५ आठवडे जावे लागतात. लिनेझोलिड या अँटिबायोटिकचा गुणही थोडा त्याच जातीचा. हाडांच्या डॉक्टरांनी दुखण्यावर दिलेल्या ट्रामाडोलमुळेही सेरोटोनिन, म्हणजे डिप्रेशनच्या या गोळ्या ज्यावर काम करतात ते रसायन, प्रमाणाबाहेर वाढू शकतं. मग काही तासांत हातपाय कापतात, घाम फुटतो, जुलाब, ताप, स्नायू ताठरणं. असं झालं तर मेसेज शोधत न बसता सगळ्या स्ट्रिपा घेऊन थेट कॅज्युअल्टीत जायचं.

घरात आजी-आजोबा असतील तर आणखी एक: लघवी वाढवणारी बीपीची गोळी आणि डिप्रेशनच्या गोळ्या एकत्र आल्या की रक्तातलं सोडियम घसरू शकतं. माणूस गळून जातो, बरळतो, आणि घरचे वयाला दोष देतात. साध्या रक्ततपासणीत ते कळतं.

राहिलं ‘डॉक्टरांना विचारू नका’. शरीरसंबंधाची इच्छा मेली, वजन वाढलं, दिवसभर झोप येते, ही गोळी बदलायची रास्त कारणं आहेत. ती काउंटरवर माझ्या कानात कुजबुजली जातात, डॉक्टरांपुढे मात्र कुणी बोलत नाही. तिथेच बोला. गोळी सोडायची असेल तर तसंही स्पष्ट सांगा. डोस पायरीपायरीने आणि शेवटी अगदी बारीक टप्प्यांनी उतरवता येतो. भेटीला जाताना बीपी, सांधे, खोकला, सगळी औषधं एका पिशवीत न्या, वैद्यांचं चूर्णसुद्धा. तारीख लांबची असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. तो रात्रीही लागतो आणि पैसे पडत नाहीत.