मीठ-व्हिनेगरनं रानातला रंग पक्का होत नाही

पळस फुलला की बचत गटांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो: "रानातलं कोणतंही फूल, पान, साल, कुत्र्याची छत्री उकळा. मूठभर मीठ आणि व्हिनेगर टाका, सुती कापड बुडवा. रंग आयुष्यभर पक्का! रसायन शून्य, म्हणून निर्धोक. आपले पूर्वज असंच करायचे."

मी नांदेड जिल्ह्यात रानातल्या रंगांनी कापड रंगवते. आमच्या शेजारच्या बाईंनी हे वाचून लेकीच्या ओढणीसाठी दोन दिवस पळसाची फुलं वेचली. पहिल्याच धुण्यात सगळा केशरी रंग मोरीतून वाहून गेला. "माझ्या हातालाच गुण नाही," म्हणाल्या. चूक त्यांच्या हाताची नव्हती, कृतीची होती.

मीठ लागतं ते पुडीतल्या कृत्रिम रंगांना, सुती कापडावर नीट चढायला. आंबट लागतं लोकर आणि रेशमावरच्या ॲसिड रंगांना. तीच कृती इथं फुला-पानांना चिकटवलेली आहे. झाडापासून मिळणारे बहुतेक रंग धाग्याला धरून ठेवायला तुरटी नाहीतर लोह लागतं, आणि सुतीला त्याआधी हिरड्यासारखं तुरट काहीतरी. 100 ग्रॅम सुती कापड मी आधी धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढते, मग 20 ग्रॅम हिरडापुडीच्या पाण्यात रात्रभर ठेवते, मग 15 ग्रॅम तुरटीच्या पाण्यात. फुलांची पाळी त्यानंतर.

लोहाचं काम तर डोळ्यांदेखत दिसतं. गंजके खिळे, गूळ आणि पाणी पंधरा-वीस दिवस मडक्यात मुरवायचं. हिरड्यानं फिकट पिवळं झालेलं कापड त्यात बुडवलं की बुडालेल्या कडेपासून करडा रंग वर सरकतो आणि दोन-तीन बुडव्यांत काळा होतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कापड पिळायचंच विसरले होते.

"कोणतंही फूल" हेही खरं नाही. बीटाचा रंग कापडावर टिकत नाही. हळद पटकन चढते, पण उन्हात उडते. पळसाचा रंगही तुरटीनं धुण्याला बराच टिकतो, पण कडक उन्हात फिका पडतोच. ओढणी सावलीत वाळवायची. किनवटच्या रानात सागाचं कोवळं पान चोळलं की बोटं लाल होतात, म्हणून कापडही तसंच लाल होईल असं धरून चालू नका.

कुत्र्याच्या छत्रीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. मेसेजसोबत लाल-जांभळ्या लडींचे फोटो असतात, पण अळिंबीचे असे रंग उतरतात ते मुख्यतः लोकर आणि रेशमावर. हा प्रयोग 1970 च्या आसपास कॅलिफोर्नियात कलाकार मिरियम राइस यांनी पुढे नेला. लाल रंग देणाऱ्या कॉर्टिनेरियससारख्या अळिंबी थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडांखाली उगवतात, आणि त्याच कुळातल्या काही मूत्रपिंड निकामी करतात. आपल्या उकिरड्यावरच्या पांढऱ्या छत्र्या उकळून मला मळकट पाण्यापलीकडे काही मिळालं नाही. निलगिरीखाली कधी ढेकळासारखी पिसोलिथस नावाची अळिंबी दिसते, फोडली की तपकिरी भुकटी निघते. तिचा तपकिरी रंग लोकरीवर छान बसतो. कोणतीही अळिंबी उकळा, पण ते पातेलं पुन्हा स्वयंपाकात नको.

"रसायन शून्य"? तुरटी रसायनच आहे, फक्त प्रमाणात वापरली तर सौम्य. हिरवट छटेसाठी काही जण मोरचूद, म्हणजे तांब्याचा विषारी क्षार, घालतात. मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी केलेल्या शेतकऱ्याला मोरचुदाबद्दल विचारा, मग ते उरलेलं पाणी विहिरीकाठी ओतायचं की नाही ते ठरवा.

आणि पूर्वज? मोहेंजोदडोला मंजिष्ठेच्या जातीच्या रंगात, रंगबंधक (रंग धाग्याला धरून ठेवणारं द्रव्य) वापरून रंगवलेलं सुती कापड मिळालंय. म्हणजे रंग असा पक्का करायची रीत हजारो वर्षांपूर्वीची. आपल्या करडईच्या पाकळ्यांतून कुसुंबी काढायची रीतही अशीच बारकाईची: आधी थंड पाण्यात पिवळा रंग धुऊन टाकायचा, मग सोड्याच्या पाण्यात लाल उतरवायचा, मग लिंबू पिळायचं. हा रंग सुतीवर तुरटीशिवाय चढतो, पण उन्हाला तोही टिकत नाही.

शेवटचं, त्या "साल" शब्दाबद्दल. उभ्या झाडाची साल सोलू नका, लाल रंगासाठी बारतोंडीच्या झाडाची मुळं खणू नका, झाड मरतं. पळसाची गळालेली फुलं पुरतात. डाळिंबाच्या साली तर आमच्याकडचा ज्यूसवाला पोतंभर फुकट देतो, फक्त संध्याकाळी गाडी बंद व्हायच्या आत जावं लागतं.