'तीन ओळींचं काम' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

ॲनालिटिक्स एसडीके, म्हणजे लोक ॲप कसं वापरतात ते नोंदवून पाठवणारा दुसऱ्याचा तयार कोड, वापरणाऱ्याची संमती घेऊनच सुरू करा, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. मी दिलेला कोड एसडीकेला थांबवतच नाही, संमतीचा स्क्रीन आला की लोक ॲप काढून टाकतात, आणि एसडीके जोडायच्या तीन ओळींच्या कामाला रॅपरचा, म्हणजे एसडीकेभोवती आपल्या कोडचं वेष्टन घालण्याचा, पसारा कशाला. पहिला आक्षेप शंभर टक्के बरोबर. चूक माझी होती, लेखात आजच दुरुस्त केली.

ॲप्लिकेशन क्लासच्या ऑनक्रिएटमध्ये (ॲप सुरू होताना चालणारा आपला कोड) संमती तपासा आणि मगच एसडीके सुरू करा, असं मी लिहिलं होतं. पण बरीच एसडीके स्वतःचा कंटेंट प्रोव्हायडर, म्हणजे अँड्रॉइड आपोआप सुरू करतं असा एक भाग, घेऊन येतात. बिल्ड होताना एसडीकेचा मॅनिफेस्ट (त्याचे भाग आणि परवानग्या सांगणारी फाइल) आपल्या मॅनिफेस्टमध्ये मिसळतो, आणि अँड्रॉइड आधी प्रोव्हायडर उभे करतं, ऑनक्रिएटची पाळी त्यानंतर. म्हणजे माझा 'इफ' चालायच्या आत एसडीके कामाला लागलेलं असतं. अँड्रॉइड स्टुडिओत मॅनिफेस्ट उघडून खाली 'मर्ज्ड मॅनिफेस्ट' टॅब बघा, सगळं समोर येतं. कधी कधी आपण न मागितलेली जाहिरात आयडीची परवानगीही तिथेच सापडते. अशा प्रोव्हायडरला आपल्या मॅनिफेस्टमध्ये 'टूल्स नोड रिमूव्ह' लावायचं, म्हणजे तो गळतो, आणि होकार आल्यावर एसडीके हाताने सुरू करायचं. गूगलच्या फायरबेसला एवढंही लागत नाही. मॅनिफेस्टच्या मेटा-डेटात ॲनालिटिक्स कलेक्शन 'फॉल्स' ठेवायचं आणि होकारानंतर कोडमधून 'ट्रू' करायचं.

संमतीवर मात्र मी मागे हटणार नाही. दादरच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं ॲप करत होतो. निवडलेल्या एसडीकेत ऑटो-कॅप्चर चालू होतं, म्हणजे बोट कशाला लागलं ते आपोआप नोंदवायचं. संध्याकाळी काउंटरमागच्या स्टुलावर बसलो होतो, फोन लॅपटॉपला जोडलेला, फोनमधल्या नोंदी दाखवणारं लॉगकॅट चालू. काउंटरवरच्या ताईंना म्हटलं, तुमच्या लॉगिनने एखादा रिपोर्ट उघडा. त्यांनी उघडला. लगेच लॉगमध्ये इव्हेंट आला आणि त्यात दाबलेल्या ओळीचा मजकूर जसाच्या तसा होता: त्यांच्या सासूबाईंचं पूर्ण नाव आणि पुढे 'एचबीए१सी', म्हणजे साखरेची तपासणी. सासूबाईंना साखर. ताई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. "हे आत्ता कुठे गेलं?" त्यांनी विचारलं. ते पाठवणारी एकही ओळ मी लिहिली नव्हती, तरी पाठवणारं ॲप माझंच होतं.

कायदाही तेच म्हणतो. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट, २०२३ च्या कलम ८ प्रमाणे, दुसऱ्याकडून करून घेतलेल्या प्रक्रियेची जबाबदारीही डेटा गोळा करायचं ठरवणाऱ्यावरच राहते, करारात काहीही लिहिलेलं असो. प्ले स्टोअरच्या डेटा सेफ्टी फॉर्ममध्येही एसडीके काय गोळा करतं ते आपल्यालाच जाहीर करावं लागतं.

लोक ॲप काढतात हे खरं, पण ते बहुतेक वेळा दारातच अडवल्यामुळे. आम्ही पहिला रिपोर्ट डाउनलोड होईपर्यंत विचारतच नाही, आणि 'नको' म्हटलं तरी सगळं ॲप चालतं. पहिल्या दिवसाचे आकडे मिळत नाहीत. लॅबच्या मालकांना ते पटवायला दोन बैठका लागल्या, पण पटलं.

राहिला रॅपर. लेखातला अकरा फाइलींचा नमुना छोट्या ॲपला जड आहे, मान्य. एक कोटलिन इंटरफेस आणि इव्हेंट्सचा एक सील्ड क्लास (ठरलेल्या इव्हेंट्सचीच बंद यादी), एवढं पुरतं. पण तेवढं ठेवाच. उद्या एसडीके बदलायला सोपं जातं हा वरचा फायदा झाला. खरी गोष्ट अशी की 'रिपोर्ट उघडला' या इव्हेंटला पीडीएफ की स्क्रीन एवढंच एक एनम फील्ड (ठरलेल्या पर्यायांपैकीच एक घेणारं) दिलं की घाईत कुणी त्यात पेशंटचं नाव घालायला गेलं तर कोड कंपाइलच होत नाही. ऑटो-कॅप्चर अर्थातच वेगळं बंद करावं लागतं, रॅपर त्याला अडवू शकत नाही.

तुमच्या ॲपमध्ये कोणतं एसडीके आहे ते कळवा. मर्ज्ड मॅनिफेस्टमधला त्याच्या प्रोव्हायडरचा भाग इथे टाकलात तर काय काढायचं आणि काय ठेवायचं ते आपण मिळून बघू.