पिक्चर भिकार की टीव्ही?

तात्याने कट्ट्यावर टेकायच्या आधीच निकाल लावून टाकला. पंधरा दिवसांत घरी तीन सिनेमे पाहिले, तिन्ही भिकार. पहिला मालिकेसारखा दिसतो, दुसऱ्यातले संवाद कळत नाहीत, तिसऱ्यात अर्धा वेळ नुसता काळोख.

"यातला एक तरी आरोप सिनेमावरचा आहे का?" मास्तर म्हणाले. "तिन्ही तुझ्या टीव्हीवरचे आहेत."

झालं, जुंपली.

मास्तरांनी मालिकेपासून सुरुवात केली. बोलपट आल्यापासून सिनेमा सेकंदाला 24 चित्रांवर चालतो. टीव्हीचा पडदा मात्र सेकंदाला 60 किंवा 120 वेळा ताजा होतो. मधल्या जागा भरायला टीव्ही स्वतःच्या मनाने चित्रं बनवून घुसडतो. आधीचं आणि नंतरचं चित्र बघायचं, मधलं कसं असेल याचा अंदाज बांधायचा. म्हणून सगळं गुळगुळीत, कालच स्टुडिओत उरकल्यासारखं दिसतं. आणि अंदाज चुकतोही. गजांच्या कुंपणामागून कुणी धावत गेलं की नीट बघ. त्याच्या खांद्याच्या कडेला पाणी डुचमळल्यासारखं काहीतरी हलतं आणि एखादा गज क्षणभर वाकून परत सरळ होतो. कॅमेरामनने तसलं काही टिपलेलं नसतं.

"सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. रोग एकच, बारशी तीन. 2018 मध्ये टॉम क्रूझने 'हे बंद करा' म्हणून व्हिडिओ काढला होता. 2019 मध्ये फिल्ममेकर मोड जाहीर झाला, त्यात हे आपोआप बंद होतं."

"मी बंद केलं होतं. परत चालू झालं."

"झालं नसेल. बऱ्याच टीव्हींत ही सेटिंगं प्रत्येक इनपुटची वेगळी असतात आणि साध्या चित्राची वेगळी, एचडीआरची (जास्त उजेड-काळोख दाखवणाऱ्या चित्राची) वेगळी. सिनेमा चालू असतानाच मेनू उघडायचा, आणि एचडीआर सिनेमा लागला की पुन्हा एकदा."

बारक्याला हे पटेना. गुळगुळीत दिसलं म्हणून बिघडलं काय? 24 हा काही देवाने दिलेला आकडा नाही, 2012 चा 'हॉबिट' 48 वर काढलाच होता की. मुद्दा बिनतोड होता, पण मास्तर डगमगले नाहीत. 48 वर चित्रित केलं तर आवडलं-नावडलं म्हणता येतं. इथे मधली चित्रं कुणी काढलेलीच नाहीत. मात्र एक गोष्ट त्यांनी कबूल केली. 60 ला 24 ने भाग जात नाही. म्हणून एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा असं लंगडत दाखवावं लागतं आणि कॅमेरा सावकाश आडवा फिरला की इमारती धक्के खातात. 120 च्या पडद्यावर प्रत्येक चित्र सरळ पाच वेळा येतं, प्रश्न मिटतो. वेगळा स्ट्रीमिंग बॉक्स असेल तर त्यात 'मॅच फ्रेम रेट' चालू करायचं, म्हणजे टीव्हीला मूळ 24 मिळतात. तेही जमत नसेल, तर धक्के कमी करणारा पर्याय दहापैकी दोन-तीनवर ठेवला तर चालतो, असं मास्तरांचं मत. शुद्धतावादी याला पाप म्हणतील.

संवादांचं अक्काने हाती घेतलं. 5.1 ध्वनीत, म्हणजे पाच स्पीकर आणि एक बासचा अशा मांडणीत, बोलणं बहुतेक सगळं मधल्या स्पीकरमधून येतं. टीव्हीला मधला स्पीकर नसेल तर ते कुणीतरी दुमडून डाव्या-उजव्यात घालतं. साधारण 3 डेसिबल कमी करून, दोन्हीकडे. मागच्या स्पीकरांचे आवाजही तिथेच कोंबले जातात. म्हणजे बोलण्याला स्वतंत्र वाट होती, ती पावसाच्या आणि पार्श्वसंगीताच्या गर्दीत जाते. वर टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली तोंड करून बसवलेले.

"म्हणून ऑडिओच्या यादीत 5.1 न लिहिलेला पर्याय असेल तर तो निवडायचा. नाहीतर आउटपुट पीसीएम स्टीरिओ, म्हणजे साधं दोन स्पीकरांचं, करायचं. नाइट मोड किंवा डायलॉग एन्हान्स असेल तर तो लावायचा. आणि बास वाढवायचा नाही, रे बाबा! बास वाढवला की शब्दांतली व्यंजनं आधी बुडतात."

"आणि कुजबुज आली की वाढव, स्फोट झाला की कमी कर, हे काय?"

"मोठ्या सिनेमाचं मिक्सिंग होतं तिथे प्रत्येक मुख्य स्पीकरची पातळी 85 डेसिबलला लावलेली असते. घरी आपण त्याच्या खूप खाली ऐकतो. स्फोट खाली आला तरी ऐकू येतो, कुजबुज मात्र पंख्याच्या आवाजाखाली जाते. नाइट मोड त्या दोघांतलं अंतर कमी करतो, बाकी जादू नाही."

"मग 2020 चा 'टेनेट'?" तात्याने हुकमाचं पान टाकलं. "थिएटरात बसलेल्यांनाही संवाद कळले नव्हते. तिथेही टीव्हीच का?"

अक्का गप्प. मग म्हणाली, ते खरं. दिग्दर्शक नोलनला संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा बोलून घेणं आवडत नाही, सेटवर जे बोललं गेलं तेच ठेवायचं. ती त्याची निवड, आणि ती न आवडण्याचा तुला पूर्ण हक्क. आमच्या मते ही फेरी तात्याची.

काळोखावर मात्र तो पुरता सापडला. साध्या चित्राचे रंग अंधाऱ्या खोलीत, 100 निट्सच्या (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) पडद्यावर पक्के करतात. तात्या बघतो भर दुपारी, खिडकी समोर ठेवून. एचडीआरची तर आणखी गंमत. त्यात प्रत्येक ठिपका किती निट्सचा हे जवळपास ठरवूनच दिलेलं असतं आणि बॅकलाइट बहुधा आधीच टोकाला असतो, म्हणून उजेडाच्या खोलीत तेच दृश्य साध्या चित्राहून काळं दिसू शकतं. आधी वीज वाचवणारा मोड आणि प्रकाश मोजणारा सेन्सर बंद करायचा, मग पडदे ओढायचे. दिवसाच बघायचं असेल तर सरळ एचडीआर सोडून द्यायचं.

"मी ब्राइटनेस वाढवला ना."

"तिथेच घोळ. कित्येक टीव्हींत ब्राइटनेस म्हणजे काळ्याची पातळी. वाढवली की काळं राखाडी होतं, सगळीकडे धूर धरल्यासारखा. काळा कोट घातलेलं पात्र आलं की थांबव. कोटाच्या चुण्या दिसायला हव्यात, पण वरखालचे काळे पट्टे काळेच राहायला हवेत. पट्टे उजळले तर एक-दोन घर मागे ये."

"पट्टे? मी झूमच करतो," बारक्या बोलून गेला.

उंचीच्या 2.39 पट रुंद चित्र टीव्हीच्या 16:9 पडद्यात पूर्ण भरलं की जवळजवळ पाव चित्र डाव्या-उजव्या कडेने कापलं जातं. दोघं समोरासमोर बोलत असले की बारक्याला नुसती दोन नाकं दिसत असणार.

काळोखात चौकोनी ठोकळे वळवळताना दिसले तर तो दोष टीव्हीचाही नाही, आकुंचनाचा, म्हणजे चित्राचा डेटा दाबून लहान करण्याचा. 4के स्ट्रीमिंग सेकंदाला साधारण 15 मेगाबिटमध्ये उरकतं, 4के डिस्क 128 पर्यंत जाऊ शकते. निदान अ‍ॅपमधला डेटा सेव्हर तरी काढून टाकायचा.

"बरं," तात्या म्हणाला, "मध्यंतरानंतर तिन्ही रटाळ होते. त्याला काय बंद करू?"

"दीडपट वेगाने बघ," बारक्या.

आता अक्का उसळली. दीडपट वेगात आवाज चिरका होऊ नये म्हणून अ‍ॅप आवाजाचे बारीक तुकडे काढून टाकतं, बोलणं तरी कळतं. पण नटाने दोन वाक्यांत सोडलेली दीड सेकंदाची शांतता एक सेकंदाची होते, आणि विनोद त्या अर्ध्या सेकंदातच असतो. "आणि मग हाच येऊन सांगणार, विनोद जमले नाहीत!"

"नव्हतेच जमले," तात्या म्हणाला. "मी साध्या वेगाने पाहिलाय."