आठ कप्प्या लावल्या तरी पंख्याच्या हुकाला नाव टांगता येत नाही

पूरबचावाची नाव छताला टांगून ठेवण्याबद्दलचा एक मेसेज सध्या सांगलीच्या नदीकाठच्या गावांमधून फिरतोय. काल तो भिलवडीहून माझ्या मामेभावानं पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, समाजमंदिरात हुक हाय. उद्या करून टाकू का?"

नको. आधी हे वाच आणि गटातल्या सगळ्यांना वाचायला दे.

मेसेज थोडक्यात असा आहे: आठ कप्प्या लावा, म्हणजे वजन आठ ठिकाणी वाटलं जातं. १२० किलोची नाव एक पोरगा १५ किलोच्या ओढीनं वर घेतो. छतावरही १५ किलोच येतात, त्यामुळे पंख्याचा हुक पुरतो. दोरी कुठलीही चालते, विहिरीवरचं जुनं चाक चालतं. दोरीचं टोक खिडकीच्या गजाला बांधा. नाव वर्षभर वर राहील, पूर आला की पाच मिनिटांत खाली.

यातला छताचा मुद्दा माणूस मारणारा आहे, म्हणून तोच आधी घेतो.

कप्पीनं वजन नाहीसं होत नाही. नाव १२० किलोची असेल तर ते १२० किलो छतालाच पेलायचे आहेत, वर तुम्ही खाली ओढता तो जोरही छतालाच. एकच कप्पी लावून १२० किलो तोलून धरायचे तर तुम्हालाही १२० किलोची ओढ द्यावी लागते. हुकावर येतात २४० किलो, म्हणजे दुप्पट. चार पदरी दोरी घातली, म्हणजे एकच दोरी वर-खाली फिरवून भार चार पदरांवर घेतला, तर घर्षण न धरता हातात ३० किलो येतात आणि हुकावर १५०. घर्षण धरलं तर हातात ३९ आणि हुकावर १५९. कमी होतो तो फक्त तुमच्या हातातला जोर. त्याची किंमत दोरीच्या लांबीत मोजावी लागते: नाव एक मीटर वर न्यायला चार मीटर दोरी ओढायची. छताला यातली कसलीही सूट मिळत नाही.

स्लॅबमधला पंख्याचा हुक चार-पाच किलोच्या पंख्यासाठी असतो. सळी किती जाड आहे, आत किती गेली आहे, गंजली आहे का, यातलं काहीच खालून दिसत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये लोक पर्लिनच्या, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्टीच्या, मधोमध आकडा अडकवतात, तेही तितकंच वाईट. पर्लिन पत्रे पेलायला असते. भार कैचीच्या, म्हणजे छताच्या त्रिकोणी सांगाड्याच्या, सांध्याजवळ द्यायचा, किंवा दोन कैच्यांवर आडवा चॅनेल टाकून त्यावर, आणि कैची तो भार घेईल का हे फॅब्रिकेटरकडून बघून घ्यायचं.

किती मजबुती धरायची यासाठी अंदाज लढवायची गरज नाही. जहाजांवर जीवरक्षक नावा टांगलेल्या असतात. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची जीवरक्षक साधनांची संहिता आहे, १ जुलै १९९८ पासून लागू. तिचं म्हणणं असं की नाव उतरवण्याच्या यंत्रणेचा सांगाडा जास्तीत जास्त भाराच्या किमान साडेचार पट आणि दोर, साखळ्या, कड्या, कप्प्या किमान सहा पट ताकदीच्या हव्यात. गावची नाव म्हणजे जहाज नव्हे, पण खाली उभी राहणारी माणसं तशीच आहेत. आता हिशोब करा. नाव पुढून आणि मागून अशी दोन ठिकाणी टांगली, प्रत्येक बाजूला ६० किलो. ओढताना प्रत्येक टेकूवर, म्हणजे वरच्या आधारावर, नावेचे ६० अधिक चार पदरी दोरीतल्या ओढीचे २०, म्हणजे ८० किलो. त्याची साडेचार पट ३६० किलो. एवढं घेणारा टेकू प्रत्येक बाजूला हवा. पंख्याचा हुक या हिशोबात कुठंच बसत नाही.

आणि हे इंजिनाशिवाय. २५ अश्वशक्तीचं इंजिन सुमारे ५० किलोचं असतं आणि ते सगळं मागच्या टेकूवर जातं. इंजिन उतरवून स्टँडवर उभं ठेवा, पेट्रोलची टाकीही काढा. गळक्या पत्र्याखाली नाव टांगत असाल तर तळाचं बूच उघडं ठेवा. ३ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद तळावर पाच सेंटिमीटर पाणी साचलं की ते १८० किलो होतं, नावेपेक्षा जास्त.

आता "जितक्या कप्प्या तितकी पट". मोजायचे ते हलत्या कप्पीला, म्हणजे नावेबरोबर वर जाणाऱ्या कप्पीला, उचलून धरणारे दोरीचे पदर. कप्प्यांची संख्या मोजायची नसते. छताला बांधलेली एकटी कप्पी फक्त ओढीची दिशा बदलते. शिवाय प्रत्येक चाक जोर खातं. साध्या बुशाच्या, म्हणजे बेअरिंग नसलेल्या, कप्पीत दर चाकाला १० टक्के घट धरली तर चार पदरांची प्रत्यक्षात ३.१ पट मिळते, आठ पदरांची ५.१, सोळा पदरांची ७.३. अशा कप्प्या कितीही वाढवल्या तरी नऊ पट कधीच होत नाही. मेसेजमधल्या पोराच्या हातात १५ किलो येणार नाहीत, २३ येतील, आणि नाव तीन मीटर वर न्यायला त्याला २४ मीटर दोरी ओढावी लागेल. उतरवताना वेगळीच अडचण: आठ पदरांत घर्षण इतकं असतं की रिकामी कप्पी स्वतःच्या वजनानं खालीच येत नाही, हातानं ओढावी लागते. १२० किलोच्या नावेला दोन बाजूंना प्रत्येकी चार पदर, म्हणजे वर दुहेरी (दोन चाकांची) कप्पी आणि खाली दुहेरी कप्पी, एवढंच हवं. प्रत्येक बाजूला एक माणूस, हातात वीस किलोच्या आत ओढ. बेअरिंगची कप्पी मिळाली तर घट निम्म्यावर येते. पैसे तिथं घाला.

जुन्या चाकाबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागतं. मोटेचं चाक मोठं असतं, आणि दोरीला मोठं चाक मानवतं. चाकाचा व्यास दोरीच्या जाडीच्या आठ पट तरी हवा: १२ मिलिमीटर दोरीला चार इंची चाक. पण जुनं लाकूड तडकलेलं, कणा झिजलेला आणि दोरी आत ठेवणारे बाजूचे गाल (पट्ट्या) नाहीत, त्यामुळे दोरी जरा ढिली पडली की उतरते. वायर रोपची कप्पीही नको. तिची खाच अरुंद असते, जाड दोरी तिच्यात चिमटते. आणि चाक व गाल यांच्यात फट असेल तर बारीक दोरी त्या फटीत शिरते आणि नाव अर्ध्यावर अडकते. बोटानं फट तपासूनच कप्पी घ्या.

दोरी पॉलिएस्टरची, विणलेली, १२ मिलिमीटर. ताकदीला बारीकही पुरली असती, पण बारीक दोरी हातात धरवत नाही. नायलॉन ताणतं, नाव खालीवर झुलत राहते. पिवळी-निळी प्लॅस्टिकची दोरी उन्हानं भुरभुरते आणि गाठ सुटते. पिळाची दोरी खालची कप्पी फिरवते आणि चारही पदर एकमेकांत गुंततात. तीन मीटर उचलायला प्रत्येक बाजूला वीस मीटर दोरी घ्या. गाठीनं दोरीची ताकद निम्म्यापर्यंत खाली येते, म्हणून स्थिर टोकाला थिंबल (डोळ्याच्या आत बसणारी धातूची खोबण) घालून डोळा गुंफून घ्या. एस आकाराचा आकडा उघडतो, तिथं डी शॅकल, म्हणजे पिनेनं बंद होणारी डी आकाराची कडी, लावा आणि तिची पिन तारेनं बांधा. नावेखालून दोन इंची पट्टे घ्या. रबरी नावेच्या कड्या ओढण्यासाठी असतात, त्यांना नाव टांगू नका.

खिडकीचा गज नको. ताणाखालची गाठ सुटत नाही, आणि सुटली की एकदम सुटते, तळहात सोलून निघतो. कप्पी स्वतःहून भार धरत नाही. छातीच्या उंचीवर भिंतीला बोल्टनं दोन शिंगांची खुंटी बसवा. आधी बुडाशी एक पूर्ण वेढा, मग आठच्या आकड्यासारखे तीन. उतरवताना तो पहिला वेढा ठेवूनच दोरी सोडा, तोच ब्रेक. नाव पुढून एक फूट, मागून एक फूट अशी आळीपाळीनं चढवा. वर पोचली की दोन्ही पट्ट्यांना छतापासून साखळी लावून भार साखळीवर द्या. वर्षभर दोरीवर टांगलेली नाव ठेवू नये. भार साखळीवर जाईपर्यंत खाली कुणी उभं राहायचं नाही.

नदीवरची मोटर वर घ्यायला गावात अर्ध्या टनाचा चेन पुली ब्लॉक (साखळी ओढून भार उचलायचं हातयंत्र) असेल तर हे सगळं सोपं होतं. हात सोडला तरी त्याचा ब्रेक भार धरतो. आयएस ३८३२ या भारतीय मानकाची खूण आणि क्षमतेची पाटी बघून घ्या. टेकूचा हिशोब मात्र त्यालाही लागू आहे.

टांगलेल्या नावेला उंदीर, वाळवी, ओल लागत नाही, हे खरं. पण "पूर आला की पाच मिनिटांत खाली" हे वाचून राग येतो. २०१९ आणि २०२१ ला नदीकाठच्या गावांत पाणी घरादारांत शिरलं. समाजमंदिराच्या दारात पाणी आलं की नाव आत छताखाली आणि दार पाण्याखाली. मग ती कुणालाच बाहेर काढता येणार नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि पाणी ४० फुटांकडे सरकायला लागलं की नाव उतरवून, इंजिन चढवून, गावातल्या उंच जागेवर दाव्यानं बांधून ठेवायची. दुपारच्या उजेडात, चार माणसं हाताशी असताना.