रजिस्ट्री झाली म्हणजे मालकी पक्की? कोणी सांगितलं?

मामाने काल फॅमिली ग्रुपवर तो फिरणारा मेसेज टाकला, "जमीन घ्यायला वकील कशाला, फुकटचा खर्च! सातबारा ऑनलाइन दिसतो, रजिस्ट्री सरकार करतं, बँक लोन देते म्हणजे टायटल क्लिअर." एरवी सोडून दिलं असतं, पण मामा पुढच्या आठवड्यात एका जमिनीचं टोकन देतोय म्हणून हे टाइप करत बसलोय.

"रजिस्ट्री सरकार करतं" हे आधी, कारण सगळ्यात घातक हेच. अहो, सरकार दस्त नोंदवतं, मालकी तपासत नाही! दुय्यम निबंधक बघतो की मुद्रांक शुल्क भरलंय का, सही करणारा तोच माणूस आहे का; पण विकणाऱ्याच्या बहिणीचा हिस्सा अडकलाय का हे शोधणं त्याचं कामच नाही. मूळ खरेदीखत दाखवा नाहीतर नोंदणी नाही असा तमिळनाडूने नियम केला होता, तर सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये के. गोपी केसमध्ये तो रद्दच केला, टायटल म्हणजे मालकी हक्क कोणाचा हे ठरवायचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याला नाही म्हणून. नोंदणी कायदा 1908 चा, तोच आपल्याकडेही. उद्या बहीण दावा घेऊन आली की शिक्का दाखवणार का तिला?

सातबारा तर महसुलाचा उतारा, त्यात लोक फक्त नाव बघतात आणि बंद करतात. मामाने पाठवलेला मी मोबाईलवर उघडला, नाव बरोबर, क्षेत्र बरोबर, आणि 'इतर हक्क'मध्ये खाली 'कुळकायदा कलम 43 चे बंधन'. म्हणजे कुळाला, कसणाऱ्याला, कायद्याने मिळालेली जमीन, ती विकायला एकतर कलेक्टरची परवानगी हवी, नाहीतर मिळून 10 वर्षं उलटली असतील तर आकाराच्या (जमिनीच्या शेतसाऱ्याच्या) 40 पट नजराणा म्हणजे सरकारी रक्कम भरलेली हवी. भरलीय का? मामाला माहीत नाही, एजंट म्हणतो "होऊन जाईल". वकील इथे जुने फेरफार (सातबाऱ्यात झालेल्या बदलांच्या नोंदी) काढतो, 30 वर्षांचा सर्च म्हणजे जुन्या दस्तांचा शोध घेतो, "होऊन जाईल"वर गप्प बसत नाही.

बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. आणि मामा लोन घेतच नाहीये, मग तो मुद्दा आला कुठून!

हां, वकील लावलाच पाहिजे असा कायदा नाही हे खरं. आणि सर्च न करता जुन्या ड्राफ्टमध्ये नावं बदलून देणारेही आहेत, एकाला मीच फी दिलीय.

मामा, टोकन थांबव. एजंटकडे त्या 43 च्या नोंदीचा फेरफार आणि नजराण्याचं चलन माग, मिळालं की ग्रुपवर नको, मला फोटो पाठव.