पुढच्या महामारीत मजुराने कसे वागावे

मजूर बंधू-भगिनींनो, पुढची महामारी कधी येईल ते सांगता येत नाही, पण येईल तेव्हा आपली तयारी असावी. मागच्या खेपेला आपण फार गलथानपणा केला. अर्धी माणसं अर्ज न करता उपाशी राहिली आणि उरलेली अर्ज करून. असं पुन्हा होऊ नये म्हणून हे चार शब्द. मी कोणी तज्ज्ञ नाही. अमळनेर-धुळे रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. २०२० पासून आजपर्यंत सरकारने गरिबासाठी जे जे केलं ते माझ्या प्रिंटरमधून गेलं आहे, आणि बरंचसं तिथेच अडकलं आहे.

पहिली सूचना वेळेची. टाळेबंदी रात्री आठला जाहीर होते आणि बाराला लागते. २४ मार्च २०२०ला तसंच झालं, म्हणजे मुदत चार तासांची. तेव्हा सुरतेला किंवा पुण्याला कामावर जाताना असं ठिकाण निवडा, जिथून चार तासांत शहाद्याला, साक्रीला, चोपड्याला पोहोचता येईल. बस, रेल्वे बंद असतील हेही धरून चाला.

पायी मात्र निघू नका. पायी निघालात तर रस्त्याने जाऊ नका, पोलीस अडवतात. रुळांवरून जाऊ नका, तिथे मालगाड्या चालू असतात. जालन्याच्या पोलादाच्या कारखान्यातली मध्य प्रदेशातली पोरं गाडी मिळेल म्हणून आपल्या भुसावळला यायला निघाली होती. थकून करमाडजवळ रुळावरच झोपली, ८ मे २०२०च्या पहाटे सोळा जण गेले. रुळावर झोपणाऱ्यांना कोण थांबवणार, असा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयातही निघाला. बरोबरच आहे. पण त्यांना भुसावळपर्यंत एखादी गाडी सोडण्यापासून कोणी थांबवलं होतं, हे कोणी विचारलं नाही. असो. सूचनांवर येऊ.

पगाराची काळजी करू नका. २९ मार्च २०२०ला केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेशच काढला होता, की टाळेबंदीतही मालकाने पूर्ण पगार द्यावा, काटछाट करू नये. १८ मेपासून तो आदेश नव्हता. मधल्या दिवसांचं काय, तर १२ जूनला न्यायालय म्हणालं, मालक-कामगारांनी आपसात बोलणी करावीत, आणि तोवर मालकावर सक्तीची कारवाई नको. तेव्हा तुम्ही मालकाशी बोलणी करा. बंगल्याचं गेट उघडलं नाही तर गेटशी करा.

मास्क लावा. मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, डोक्यावर पोतं असताना.

बायांनो, जनधन खातं उघडून ठेवा. २०२०मध्ये महिन्याला पाचशे रुपये आले, तीन महिने. ते काढायला खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा बघून ठरल्या दिवशी जायचं असतं, म्हणजे गर्दी होत नाही. आमच्याकडे सगळ्या बाया एकाच दिवशी गेल्या, कारण सरकार पैसे परत घेणार अशी आवई उठली होती. सरकारवर इतका अविश्वास बरा नव्हे. आणि खातं केवायसीअभावी बंद पडलेलं असेल तर बँकेत आधी ते चालू करून घ्या. बँक टाळेबंदीत त्याच कामासाठी उघडी असते असं समजायचं.

आता कामावरच्या सुरक्षिततेचं. याबाबतीत आपण अजिबात मागे नव्हतो. १५ एप्रिल २०२०च्या आदेशात सगळं लिहिलं आहे: दोन पाळ्यांमध्ये एक तासाचं अंतर, जेवणाच्या सुट्ट्या वेगवेगळ्या, दारात ताप तपासणी, कामगारांना आणणाऱ्या गाडीत क्षमतेच्या तीस-चाळीस टक्केच माणसं, गुटखा-तंबाखूला बंदी, आणि कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा. सक्तीचा, बरं का. मी तो कागद तेव्हा एका डाळमिलच्या मुनीमजींना प्रिंट करून दिला होता. त्यांनी लॅमिनेशन करून घेतलं आणि गेटवर लावलं. विम्याची ओळ लॅमिनेशनमध्येही स्पष्ट वाचता येत होती. ताप मोजायची बंदूक आली होती, ती मालकाच्या टेबलावर असायची आणि आल्या-गेल्या व्यापाऱ्यांच्या कपाळावर रोखली जायची. हमालांना ताप आहे की नाही ते अंगाला हात लावून कळतंच की. तीस-चाळीस टक्क्यांचं म्हणाल, तर रावेर-यावलकडे केळी कापायला जाणाऱ्या छोटा हत्तीत माणसं उभीच असतात. बसलेलीच मोजायची म्हटलं, तर शून्य टक्के. नियम पाळला गेला.

आशाताई असाल तर प्रश्नच नाही. घरोघर जाऊन कोणाला खोकला आहे ते विचारायचं, तेव्हा महिन्याला हजार रुपये जादा मिळत. पन्नास लाखांचा विमाही होता, पण तो मेल्यावर. जिवंत असेपर्यंत ओढणी तोंडाला बांधायची. जून २०२१मध्ये त्यांनी संप केला तर लोक म्हणाले, ही काय वेळ आहे का संपाची!

नंदुरबारच्या आदिवासी बांधवांनी भूक जरा लांबवायला शिकावं. २०२०च्या टाळेबंदीची खावटी, म्हणजे आदिवासी कुटुंबांना पोटापुरती सरकारी मदत, हातात पडेपर्यंत दुसरी लाट येऊन गेली.

मरणाबद्दलही थोडं सांगितलं पाहिजे, कारण त्यात चुका फार होतात. मागच्या खेपेला करोनाने मेलेल्याच्या वारसाला पन्नास हजार मिळाले, पण त्यासाठी नीट मरावं लागतं. घरी मरणार असाल तर चाचणी झाल्यापासून ३० दिवसांच्या आत उरका. चाचणीच केली नसेल, तर मग तुम्ही कशाने मेलात याचा विचार कमिटी करील. माझ्या गल्लीतली एक वहिनी नवऱ्याच्या छातीच्या सिटीस्कॅनची मोठी फिल्म घेऊन दुकानात यायची. स्कॅनर लहान, फिल्म मोठी. फोटो काढून अपलोड करावा तर साइज जास्त. साइज कमी करावी तर काही दिसत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर कारण होतं, हृदयक्रिया बंद पडली. ती तर सगळ्यांचीच पडते.

कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, म्हणजे आपल्या ईएसआयसीची योजना त्याहून चांगली होती. कामगार करोनाने गेला तर त्याच्या सरासरी पगाराच्या नव्वद टक्के रक्कम दरमहा घरच्यांना. अट एवढीच, की आजार कळण्याच्या किमान तीन महिने आधी नाव नोंदलेलं असावं आणि वर्षभरात किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी. भरणार कोण? ठेकेदार. वहिनीचा नवरा ज्याच्याकडे होता त्याने पगारातून पैसे कापले होते म्हणते ती. कापणं आणि भरणं ही दोन वेगळी कामं आहेत, एकाच माणसाने दोन्ही करावीत ही अपेक्षा जास्त होते.

यावरून मुख्य सूचनेवर येतो. मजूर असाल तर त्यावर विसंबून राहू नका, मजूर असल्याचा दाखला मिळवा.

बांधकाम मजुराला सरकारच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मूळ कायदा १९९६चा. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर जमा होतो, तो या मजुरांसाठी. टाळेबंदी लागली तेव्हा देशभरात असा सुमारे ५२ हजार कोटींचा उपकर पडून होता, हे केंद्राच्या कामगार मंत्रालयानेच राज्यांना पत्र लिहून सांगितलं. एप्रिल २०२१मध्ये आपल्या राज्य सरकारने बांधकाम मजुरांना पंधराशे रुपये दिले. कोणत्या मजुरांना? नोंदीत मजुरांना.

आमचा चुलतभाऊ सेंट्रिंगचं काम करतो. मिसरूड फुटायच्या आधीपासून. धुळ्यातल्या, जळगावातल्या किती इमारतींच्या स्लॅबखाली त्याने टेकू लावलेत ते त्यालाही सांगता येणार नाही. २०२१च्या उन्हाळ्यात साइटवर पत्र्याच्या एका खोलीत दहा-बारा जण झोपत. याला ताप भरला. ठेकेदार म्हणाला, घरी जा आणि कोणाला सांगू नको, साइट बंद पडेल. हा आला घरी, कोणाला सांगितलं नाही, आणि काकूला लागण झाली. वाचली, देवाची कृपा. पंधराशे मिळाले नाहीत, कारण नोंद नाही. नोंद नाही, कारण दाखला नाही.

आता परवा पुन्हा मनावर घेतलं. म्हटलं, बाबा रे, पुढच्या वेळेला तरी नाव यादीत असू दे. ठेकेदाराकडे गेलो. त्याला आम्ही नाना म्हणतो, वडिलांच्या ओळखीतला. नाना म्हणाले, ‘मी सही केली तर उद्या हा माझ्याकडे कामाला होता असं होईल ना!’ मी म्हटलं, नाना, तो होताच ना. तर म्हणाले, ‘होता ते वेगळं, कागदावर होता ते वेगळं.’ तिथून ग्रामसेवकाकडे. ग्रामसेवक म्हणाले, मी याला काम करताना पाहिलंय का? चुलतभावाने हात पुढे केले, ‘मना हात दखा ना साहेब.’ साहेबांनी पाहिले आणि म्हणाले, हातावर दाखला देता येत नाही. तरी कसाबसा दुसऱ्या कोणाचा तरी दाखला मिळाला, सुविधा केंद्रावर गेलो, तर अंगठा लागेना. सिमेंटने बोटांच्या रेषा गेल्या आहेत. मशीन म्हणतं पुन्हा ठेवा. पुसून ठेवा. दुसरं बोट ठेवा. तिथली मुलगी चांगली होती, तिने पाण्याने, रुमालाने, सगळं करून पाहिलं. आमच्या पुढच्या माणसाचा अंगठा एका दमात लागला. गोरागोमटा, मऊ हात, मनगटावर घड्याळ. तो बांधकाम मजूर म्हणून नोंदला गेला. मी त्याला ओळखतो, त्याचं दुधाचं कलेक्शन आहे.

त्याला पेटी मिळणार. हेल्मेट, बूट, जाकीट, बॅटरी. भांड्यांचा संचही मिळणार. आमच्या आजूबाजूच्या चार गावांत ज्यांनी आयुष्यात घमेलं उचललं नाही त्यांच्या घरात या पेट्या आहेत. हेल्मेट पोरं क्रिकेटला वापरतात. दाखला विकत मिळतो, दर मला ठाऊक आहे, कारण दलाल प्रिंट माझ्याकडेच काढतात. ज्याला सही फुकट हवी त्यालाच ती मिळत नाही.

आणि मग हेच नाना परवा दुकानात आले. ४ मार्चपासून सुरक्षा सप्ताह, बॅनर करायचं होतं. मजकूर त्यांनी सांगितला, मी टाइप केला: ‘कामगार हाच आमचा परिवार. करोनातही साथ सोडली नाही.’ खाली कामगारांचा फोटो हवा, हेल्मेट घातलेला. मी म्हटलं, नाना, तुमच्या साइटवरचा द्या. म्हणाले, ‘आपल्याकडे हेल्मेट कुठंय, नेटवरून टाक ना.’ टाकला. पिवळी हेल्मेटं, गोरे लोक, मागे समुद्र. पैसे उधार ठेवून गेले.

मजूर बंधूंनो वगैरे राहू द्या आता. हे मजूर वाचत नाहीत, मला माहीत आहे. तुम्ही वाचताय. तुमच्यातल्या कोणाच्या कॉटखाली ती पेटी असेल. ती चोरीची आहे. योजना होती, सगळेच घेत होते, आम्ही घेतली, हे मला सांगू नका. तुमचा अंगठा लागला म्हणून सेंट्रिंगवाल्याचा लागला नाही असं नाही, पण आता खरा मजूर गेला की साहेब आधी त्याच्याकडे चोर म्हणून बघतो. ते तुमच्यामुळे. तुमच्या घराचा स्लॅब टाकला त्या दिवशी तुम्ही मजुरांना गोड नुक्ती वाटली, फोटो काढले. ठेकेदाराला एकदा तरी विचारलंत का, यांची नावं कुठल्या वहीत आहेत? एखादा वरून पडला असता तर त्याच्या बायकोने काय दाखवलं असतं? तुमचे फोटो?

आणि ग्रामसेवक साहेब, खोट्यांच्या दाखल्यांत अडकाल म्हणून खऱ्यांनाही देत नाही, हे कसलं उत्तर? साइट गावातच आहे. गाडीवर पाच मिनिटं. जा आणि बघा कोण वर चढलंय ते.

नाना, तुम्ही हे वाचाल, कोणीतरी तुम्हाला पाठवीलच. लाज वाटू द्या. ताप आलेल्या पोराला गुपचूप घरी हाकललंत, त्याच्या आईला मरणाच्या दारात नेलंत, आणि त्याला ९० दिवसांचा एक कागद देताना तुमचा हात थरथरतो. हेल्मेट दीडशे-दोनशेला मिळतं. सही तर फुकट आहे. दाखल्याचा फॉर्म भरून ठेवलाय, बॅनरच्या उधारीच्या वहीतच ठेवलाय, म्हणजे दोन्ही एकदम होईल. शिक्का घेऊन या.